बारा काळ तोंडपाठ, पण तोंड बंद! (आठवीच्या वर्गाला इंग्रजीत बोलतं कसं करावं?)

खडूफळा | २ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीचा वर्ग, पटावर ५८, तास ३५ मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं हजेरी आणि 'मॅडम, पाणी पिऊन येऊ?' यात जातात.

माझ्या वर्गाला बारा काळांचा तक्ता तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी 'गो-वेंट-गॉन' म्हणतील. रिकाम्या जागा भरा, दहापैकी आठ. आणि सोमवारी मी विचारलं, 'व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?' तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उठून म्हणाला, 'मॅडम, यस्टर्डे आय हॅड गॉन टू तुळशीबाग.' मी म्हटलं, 'हॅड गॉन नाही, वेंट.' तो म्हणाला, 'यस मॅडम, आय हॅड वेंट.' मागून कोणी तरी हसलं आणि त्यानंतर उरलेल्या तासात एकानेही तोंड उघडलं नाही. चूक माझीच, टोकायला नको होतं. पण मग टोकायचं कधी?

गेल्या वर्षी 'चोर कोण' हा खेळ करून पाहिला. शिक्षकांच्या खोलीतून वडापावचा पुडा चोरीला गेलाय, वेळ काल दुपारी दोन ते तीन. दोन संशयित. ते म्हणतात, तेव्हा आम्ही दोघं एकत्र होतो. त्यांनी वर्गाबाहेर जाऊन आपली गोष्ट जुळवायची, मग एकेकाला आत घेऊन वर्गाने उलटतपासणी करायची: 'व्हेअर वेअर यू सिटिंग? व्हॉट वॉज ही वेअरिंग? हू पेड?' दोघांच्या उत्तरांत तफावत सापडली की चोर पकडला. 'करत होतो' हा काळ यात आपोआप येतो. वर्ग रंगलाही. पण नंतर हिशेब केला, तर ३५ मिनिटांत बोलली नऊ मुलं. उरलेल्या ४९ जणांनी फुकट सिनेमा पाहिला. आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दोनदा दार वाजवलं ते वेगळंच.

तर प्रश्न असा, की एवढ्या मोठ्या वर्गात, काळांचा सराव होईल असं बोलायला लावणारं तुम्ही काय केलंय? 'चार-चारचे गोल करा' असं सुचवणाऱ्यांनी आधी ऐकून ठेवा: आमचे बाक जमिनीला ठोकलेले आहेत.

---

कट्ट्यावरचा | २ जुलै, रात्री १०.३१

पहिला! 😀

वडापावचा पुडा शेवटी कोणी खाल्ला ते सांगा आधी.

---

निवृत्त मास्तर | २ जुलै, रात्री ११.०५

खडूफळाताई, स्पष्ट लिहितो, राग नसावा. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००० सालापासून ते पहिलीत आणलं. म्हणजे तुमच्या आठवीतल्या पोरांनी सात वर्षं इंग्रजी शिकून झालंय आणि तरी 'हॅड वेंट' म्हणतायत. हे खेळ खेळून झालं की पाठांतर न केल्याने झालं, याचा विचार व्हावा.

आम्ही रोज पाच मिनिटं अख्ख्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेत असू. 'आय गो, ही गोज. आय वेंट, ही वेंट. डिड यू गो? आय डिडण्ट गो.' 'डिड'नंतर मूळ क्रियापद येतं हे जिभेला कळायला लागतं, मेंदूला नव्हे. जिभेची तालीम झाल्याशिवाय संवाद कसले? तबला शिकवताना पहिल्या दिवशी मैफिलीला बसवतात काय?

---

खडूफळा | २ जुलै, रात्री ११.२०

मास्तर, राग कसला! तालीम मीही घेते. पण माझी मुलं तालमीत पैलवान आणि आखाड्यात शिरली की गायब, त्याचं काय करू?

---

टेकडीवाला | ३ जुलै, सकाळी ६.४८

हनुमान टेकडीवरून उतरता उतरता लिहितोय.

'यस्टर्डे आय हॅड गॉन' हे त्या मुलाच्या अज्ञानातून आलेलं नाही, ते त्याच्या उत्तम मराठीतून आलंय. 'काल मी तुळशीबागेत गेलो होतो.' आपण सगळे असंच म्हणतो. मराठीत 'गेलो होतो' म्हणायला दुसरी कुठलीही घटना लागत नाही. जाऊन परत आलो, विषय संपला, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत मात्र 'हॅड गॉन' एकटं उभं राहत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एखादी गोष्ट लागते, जिच्या आधी हे घडलं. हे सांगितलं नाही, तर मुलगा शंभर वेळा 'वेंट' घोकेल आणि बोलताना 'हॅड गॉन'च म्हणेल, कारण बोलताना तो मनात मराठी वाक्यच बोलतोय.

उलट एक गंमत बघा. मराठीने मुलांना आधीच केवढं शिकवून ठेवलंय. 'तू काय करतोस?' आणि 'तू काय करतोयस?' यातला फरक पाचवीतल्या पोराला विचारा. पहिल्याला तो 'शाळेत जातो' म्हणेल, दुसऱ्याला 'काही नाही, बसलोय'. हाच तर 'व्हॉट डू यू डू' आणि 'व्हॉट आर यू डुइंग' मधला फरक! साधा आणि चालू वर्तमानकाळ त्याला येतोच. आपण व्याख्या फळ्यावर लिहून तो त्याच्याकडून काढून घेतो. 'जायचो'चंही तसंच. 'आम्ही सायकलवर जायचो' म्हणजे 'वुई यूज्ड टू गो'. मराठीत एका प्रत्ययात बसलंय.

आणि 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' याचंही मूळ तेच. 'पाच वर्षांपासून राहतोय.' आपल्याला वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला 'हॅव बीन' लागतं, आणि 'पासून' एकच असला तरी तिकडे 'सिन्स' आणि 'फॉर' असे दोन. ही चूक चांगल्या पगाराच्या सायबांच्या ईमेलमध्येही सापडते.

---

आयटीतला गणपा | ३ जुलै, सकाळी ९.३०

@टेकडीवाला, सायबांच्या ईमेलचा उल्लेख झाल्याने हिंजवडीतर्फे निषेध. 'आय ॲम हॅविंग वन डाऊट' असं म्हणून मी अकरा वर्षं नोकरी टिकवली आहे.

जाता जाता, इंग्रजीत भविष्यकाळ नावाचा काळच नाही असं कुठे तरी वाचलं होतं. खरं का? मग बाराचे आठ होतील, पोरं दुवा देतील.

---

टेकडीवाला | ३ जुलै, सकाळी ९.५२

खरं आहे, पण पोरांना सांगू नका 😀. भाषाशास्त्रज्ञांच्या हिशेबाने क्रियापदाचं रूपच बदलून दाखवणारे काळ इंग्रजीत दोनच: 'गो' आणि 'वेंट'. भविष्यासाठी स्वतंत्र रूप नाही. तिथे 'विल', 'गोइंग टू', चालू वर्तमान, साधा वर्तमान अशी उसनवारी चालते. 'डेक्कन क्वीन उद्या सकाळी सव्वासातला सुटते' यात आपणही वर्तमानकाळच वापरतो की.

---

रविवारची भाकरी | ३ जुलै, दुपारी १.१५

मी प्रौढांना बोलायला शिकवते. माझी बॅच १५-२० जणांची, त्यामुळे ५८ ला साष्टांग दंडवत. तरी दोन गोष्टी सांगते, ठोकलेल्या बाकांवर चालतील अशा.

पहिला खेळ 'निघालो'. पुणेकर फोनवर 'निघालो' म्हणतो तेव्हा तो कुठे असतो? अंघोळीत. ह्यावरच खेळ आहे. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकाला चिठ्ठी मिळते, तिच्यावर त्याची खरी अवस्था मराठीत लिहिलेली: 'दहा मिनिटांपूर्वी निघालास', 'आत्ता चप्पल घालतोयस', 'निघणार एवढ्यात पाहुणे आले', 'अजून उठलाच नाहीस'. दुसरा अलका चौकात उभा राहून फोन करतोय. 'व्हेअर आर यू?' पहिल्याने खोटं बोलायचं नाही, पण चिठ्ठीतले शब्द जसेच्या तसे वापरायचे नाहीत. 'आय लेफ्ट टेन मिनिट्स अगो', 'आय ॲम जस्ट लीव्हिंग', 'आय हॅवण्ट लेफ्ट यट', 'आय वॉज अबाऊट टू लीव्ह, बट...'. ऐकणाऱ्याने ठरवायचं, थांबायचं की समोर जाऊन चहा प्यायचा. मग चिठ्ठी उघडून बघायची.

यात गंमत अशी की मराठीत या चारपैकी निदान तीन ठिकाणी 'निघालो' चालतं! 'आलोच' म्हणजे अजून न आलेला माणूस. मुलांना हे एकदा दाखवलं की हसतात, आणि हसल्यावर इंग्रजीची चिकटपट्टी जिभेवरून निघते.

एकाच वेळी २९ जोड्या बोलतात, प्रत्येक फेरी दीड मिनिटाची. मग चिठ्ठ्या मागच्या बाकावर सरकवायच्या. जागेवरून कोणी उठत नाही. आवाजाचं मात्र काही करता येत नाही. शेजारच्या बाईंना आधी चहा पाजून ठेवा.

दुसरा खेळ 'काय बदललं?'. चार मुलं बाहेर पाठवा. वर्गाने तेवढ्यात पाच बदल करायचे. खिडकी उघडली, डस्टर गायब, दोघींनी चष्मे बदलले, फळ्यावरची तारीख पुसली, पंखा बंद. आत आल्यावर: 'समवन हॅज ओपन्ड द विंडो.' 'यू हॅव टर्न्ड ऑफ द फॅन.' हा काळ पुस्तकात 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया' म्हणून शिकवतात. पण खरं म्हणजे क्रिया कोणी पाहिलेलीच नसते, दिसतो तो तिचा परिणाम, आणि बोलायचं तेही परिणामाबद्दलच. पंखा बंद झालेला सगळ्यांना जाणवतो (जुलैत जास्तच). चारच मुलं बोलतात अशी शंका येईल, म्हणून उरलेल्या वर्गाने 'यस वुई हॅव' किंवा 'नो वुई हॅवण्ट' एका सुरात म्हणायचं. मास्तरांची तालीमही झाली.

---

निवृत्त मास्तर | ३ जुलै, दुपारी ४.४०

भाकरीताई, 'निघालो' आवडलं. खोटं कशाला बोलू!

मात्र चुकांचं काय? २९ जोड्या एकदम बोलणार म्हणजे २९ चुका एकदम. त्या कोण ऐकणार? चूक एकदा जिभेवर बसली की उठत नाही. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ जन्मभर 'डिड यू went' म्हणत राहिले, साठाव्या वर्षीही. (संपादक, तो शब्द चुकून इंग्रजी लिपीत पडला, नातवाचा कीबोर्ड आहे. 'वेंट' असं वाचावे.)

---

रविवारची भाकरी | ३ जुलै, सायंकाळी ६.१०

मास्तर, तुमच्या गृहस्थांना जन्मभर कोणी टोकलं नाही असं वाटतं का? हजार वेळा टोकलं असणार 🙂

मी चालू बोलण्यात टोकत नाही. कागद घेऊन फिरते, ऐकलेली वाक्यं लिहून घेते, नावं लिहीत नाही. शेवटची सहा मिनिटं फळ्यावर पाच वाक्यं लिहिते. त्यातली दोन मुद्दाम बरोबर असतात. कुठली बरोबर ते वर्गाने ठरवायचं. आपलं चुकीचं वाक्य फळ्यावर पाहून मूल ओशाळत नाही, कारण कोणाचं ते कोणालाच माहीत नसतं. बरोबर वाक्याचा मालक मात्र लगेच बाकावरून उठून सांगतो की ते माझं!

---

लातूरकर पुण्यात | ३ जुलै, रात्री ८.२२

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. तिथे 'हॅव यू एव्हर' फार चालायचं. 'हॅव यू एव्हर बीन टू सिंहगड?' पण पुस्तकातला सराव इथेच थांबतो: 'यस, आय हॅव.' संपलं. खरी माती तर पुढच्या वाक्यात खाल्ली जाते. 'यस, आय हॅव गॉन इन दिवाळी.' म्हणून मी नियम केला, की प्रत्येकाने निदान तीन उपप्रश्न विचारायचे. 'व्हेन डिड यू गो? हू वेंट विथ यू? व्हॉट डिड यू ईट?' म्हणजे 'हॅव'ने दार उघडायचं आणि आत गेल्यावर साध्या भूतकाळात गप्पा मारायच्या. वर्गात घोषणाच होती: 'केव्हा' आत, 'हॅव' बाहेर. उत्तरात वेळ आली की 'हॅव' जातं.

सिंहगडावर काय खाल्लं याचं उत्तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सोडून दुसरं येत नाही, ही एक अडचण.

---

तिसरा बाक | ३ जुलै, रात्री ९.०३

मी शिक्षक नाही, अशाच एका वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी आहे. एकच सांगतो. आमचे सर क्रिकेटची कॉमेंट्री करायला लावायचे. एक जण हातवारे करायचा, दुसरा बोलायचा. 'ही रन्स इन, ही बोल्स, द बॅट्समन ड्राइव्ह्ज, दे टेक अ सिंगल.' कॉमेंट्रीत झटपट क्रिया साध्या वर्तमानकाळात येते आणि रेंगाळणारं चित्र चालू वर्तमानात: 'द कॅप्टन इज मूव्हिंग द फील्डर्स.' हे सरांनी कधी समजावून सांगितलं नाही, आम्हाला टीव्हीवरून माहीतच होतं. तृतीयपुरुषी 'एस' विसरलेला गोलंदाज 'नो बॉल' ठरायचा. 'ही बोल' म्हटलं की अख्खा वर्ग हात आडवा करायचा.

मला आजही 'ही डोण्ट' ऐकू आलं की हात आडवा होतो. बायको वैतागते.

---

मांजरी बुद्रुक | ३ जुलै, रात्री ११.४७

वाखु (वाचनखूण) साठवली.

जरा थंड पाणी ओततो. वर सुचवलेल्या सगळ्या खेळांत मुलांना आधीच माहिती असतं की आज कुठला काळ चाललाय. 'आज चालू भूतकाळ' असं फळ्यावर लिहिलं, की ती प्रत्येक क्रियापदाला 'वॉज' आणि 'इंग' चिकटवतात. तो रिकाम्या जागांचाच स्वाध्याय झाला, फक्त तोंडी. कुठला काळ वापरायचा हे ठरवण्याची वेळ कुठे येते? तुळशीबागेतल्या मुलाला 'वेंट' येत होतंच, त्याला निवड आली नाही.

---

टेकडीवाला | ४ जुलै, सकाळी ६.५५

मांजरीकर, लाख बोललात.

या दिशेचा मोठा प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत, मुख्यतः बंगळूरला, व्याकरणाचा पाठ न देता मुलांना कामं दिली. नकाशा वाचा, रेल्वेचं वेळापत्रक पाहून अमुक गाडी गाठता येईल का सांगा. लक्ष अर्थाकडे, भाषा त्या ओघात येणार. त्यावर पुढे वादही पुष्कळ झाले. पण मला त्यातली एक गोष्ट पटते, की प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवं असलं पाहिजे. 'व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?' या प्रश्नाचं उत्तर खडूफळाताईंना हवं होतं का? नव्हतं. त्यांना 'वेंट' हवं होतं, आणि ते पोराला माहीत होतं.

---

खडूफळा | ४ जुलै, रात्री ९.१८

@टेकडीवाला, लागलं. पण खरं आहे.

आज 'निघालो' केलं. चिठ्ठ्या कापायला रात्री अकरा वाजले, नवरा आणि मुलगी कामाला जुंपली. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलं मराठीतच बोलत होती, तिसरीत अडकत अडकत इंग्रजी. 'आय ॲम चप्पल वेअरिंग' ऐकलं. टोकलं नाही. फळ्यावर लिहिलं तेव्हा तिघींनी मिळून सुधारलं. शेजारच्या बाईंना आधीच चहा पाजला होता, तरी एकदा डोकावल्याच.

आता मांजरीकरांचा मुद्दा डोक्यात घोळतोय. मुलांना उत्तर खरोखर हवं असेल, आणि काळ त्यांचे त्यांनाच निवडावे लागतील, असं काय विचारायला लावू?

---

निवृत्त मास्तर | ४ जुलै, रात्री १०.५०

थोडं अवांतर. जुलै आला की मला दुसरंच आठवतं. १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला राहत होतो. आई चुलीपुढे पोळ्या लाटत होती, मी पाटीवर पाढे लिहीत होतो, थोरला भाऊ सायकलची हवा तपासत होता. एवढ्यात समोरचे काका ओरडत आले, 'पानशेत फुटलं, पळा.' आईने तव्यावरची पोळी तशीच ठेवली. आम्ही पर्वतीकडे पळालो. धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. आदल्या रात्री तिकडे जवान वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. पानशेतच्या पाण्याने त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही नेली. मला आजही त्या पोळीचा करपल्याचा वास येतो. खरं तर तो मला आलाच नव्हता, आम्ही तोवर रस्त्यावर होतो.

असो. धाग्याशी संबंध नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

मांजरी बुद्रुक | ४ जुलै, रात्री ११.०२

मास्तर, संबंध नाही कसा? लाटत होती, लिहीत होतो, तपासत होता... ओरडत आले, ठेवली, पळालो. खडूफळाताई, हा घ्या तुमचा तास!

---

खडूफळा | ४ जुलै, रात्री ११.०९

अंगावर काटा आला, मास्तर.

आणि हो, १२ तारीख आठवड्यावर आलीय. 'व्हॉट वेअर यू डुइंग व्हेन द वॉटर केम?' मुलांनी घरी, वस्तीत, वाड्यात ज्यांना पूर आठवतो अशा कोणाला तरी हे मराठीत विचारून यायचं आणि वर्गात जोडीदाराला इंग्रजीत सांगायचं. जोडीदाराला ती गोष्ट माहीत नसणार. आणि काळाचं नाव मी फळ्यावर लिहिणार नाही.

---

लातूरकर पुण्यात | ५ जुलै, सकाळी ७.३५

ताई, दोन गोष्टी.

सगळ्या मुलांचे आजी-आजोबा पुण्यातले नसतील. माझ्या वस्तीत निम्मी घरं लातूर-धाराशिवकडची आहेत. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आहे. पण तो पहाटे चारच्या सुमारास झाला, त्यामुळे 'काय करत होता?' याचं उत्तर सगळ्यांचं एकच, 'वुई वेअर स्लीपिंग'. व्याकरणाच्या दृष्टीने निरुपयोगी, आणि ज्याने माणसं गमावली त्याला हा प्रश्न सरावासाठी विचारू नये असं मला वाटतं. पानशेतबद्दलही तेच. मुलांना सांगून पाठवा, की समोरचा माणूस थांबला तर आपणही थांबायचं.

ज्यांना कोणी मिळणार नाही त्यांना मार्च २०२० द्या. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा घरात कोण काय करत होतं, हे आईबापांना चांगलं आठवतं.

---

निवृत्त मास्तर | ५ जुलै, सकाळी ८.१०

लातूरकरांशी सहमत.

तास घ्यायचाच असेल तर एक जुनी युक्ती देतो. वर्गात आडवी सुतळी बांधा, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. मुलांनी आपल्या गोष्टीतली एकेक घटना कागदाच्या तुकड्यावर लिहून कपड्याच्या चिमट्याने तिच्यावर अडकवायची. आधीची डावीकडे, नंतरची उजवीकडे. लांबलेली क्रिया असेल तर कागद लांब कापायचा, झटक्यात घडलेली असेल तर बोटाएवढा. पोळी लाटणं लांब, 'पळा' एवढंसं. आम्ही तक्ता पाठ करून घ्यायचो हे खरं, पण सुतळीही बांधायचो. वर लिहायचं राहून गेलं.

---

कट्ट्यावरचा | ५ जुलै, सकाळी ८.४४

मास्तर छुपे रुस्तम निघाले. (निघाले = कुठला काळ? हलके घ्या.)

---

शेवंती | ५ जुलै, दुपारी १२.२०

उशिरा आले धाग्यावर. 'विल' आणि 'गोइंग टू' ह्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडंसं. मी गणपती मंडळाची बैठक घडवून आणते. आधी ठरलेलं ते 'गोइंग टू': 'वुई आर गोइंग टू हायर अ ढोल पथक.' मग मी मध्येच अडचण टाकते. मांडव गळतोय, वर्गणी कमी पडली, लाइट गेली. जागच्या जागी जो उठून 'आय विल कॉल द इलेक्ट्रिशियन' म्हणेल त्याला गुण. पंधरा मिनिटं पुरतात. भांडणं खरी होतात, मधे पडायची तयारी ठेवा.

आणि बोलण्याच्या सरावात भूतकाळाचा 'ईडी' कानाने शिकवा. 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टिड' असे तीन उच्चार आहेत. आपण सगळ्यांना 'वॉक्ड', 'आस्कड' करून टाकतो.

---

खडूफळा | १३ जुलै, रात्री ९.५५

वृत्तांत देतेय, मोठा आहे.

५८ पैकी १४ मुलांना पूर आठवणारं कोणी तरी भेटलं. घरात कमी, शेजारपाजारीच जास्त. एका मुलाच्या सोसायटीचे वॉचमनकाका त्या वेळी सहा वर्षांचे होते. पाच जण लातूरकरांचं ऐकून हात हलवत परत आले, कारण समोरचं माणूस गप्प झालं. त्यांना मी शाबासकी दिली. उरलेल्यांनी टाळेबंदी आणली, आणि त्यात २०२० च्या मार्चमध्ये पुण्यातले बहुतेक बाबा 'वॉज वॉचिंग टीव्ही' होते असं निष्पन्न झालं.

सुतळी बांधली. शिपाईकाकांनी खिळे ठोकून दिले, वर 'बाई, कपडे वाळत घालणार का?' असं विचारलं. बोलणं पहिल्यांदा जोडीत, मग जोडीदार बदलून पुन्हा, मग तिसऱ्याला. दर वेळी वेळ कमी: तीन मिनिटं, दोन, एक. तिसऱ्या वेळी बरीच मुलं कागद न बघता बोलत होती, कारण तोवर गोष्ट पाठ झाली होती आणि शब्द सापडले होते. सगळ्यांचं जमलं असं नाही. मागच्या दोन बाकांनी पूर्ण तास मराठीत गप्पा मारल्या, पण निदान पुराच्याच मारल्या. 'द वॉटर was कमिंग, केम, कम्ड' असं सगळं ऐकलं. (आता माझाही कीबोर्ड! 'वॉज' वाचा, मास्तर.)

कागदांच्या लांबीवरून वाद झाला तो मला सगळ्यात आवडला. एक मुलगी म्हणाली, 'पाणी आलं' हा कागद छोटा का? पाणी तर कितीतरी वेळ येत होतं. दुसरी म्हणाली, कळलं ते एका क्षणात ना. मग त्यांनीच दोन कागद केले, एक लांब 'द वॉटर वॉज रायझिंग' आणि एक छोटा 'वुई सॉ द वॉटर'. मी मधे तोंड घातलं नाही.

आता शेवटचं. एक मुलगी आहे, वर्षभरात माझ्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलली असेल. तिची आजी गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत वाढलेली. मी कागद-पेन घेऊन नेहमीसारखी चुका टिपत फिरत होते. ती जोडीदाराला सांगत होती, 'माय आजी वॉज एट इयर्स ओल्ड. शी वॉज प्लेइंग सागरगोटे. पीपल शाउटेड. दे रॅन. आफ्टर टू डेज शी केम बॅक.' मग थांबली. सुतळीकडे बघितलं. 'व्हेन शी केम बॅक, द हाऊस हॅड गॉन.'

'हॅड गॉन' ऐकलं आणि सवयीने माझं पेन कागदावर टेकलं. मग उचललं.

जोडीदारणीने तिला विचारलं, 'अँड सागरगोटे?' ती म्हणाली, 'फोर वेअर इन हर हँड. वन वॉज लॉस्ट.'

---

निवृत्त मास्तर | १३ जुलै, रात्री १०.३२

ताई, त्या मुलीच्या आजींना माझा नमस्कार सांगा. आणि सुतळी उतरवू नका इतक्यात.